पांढऱ्या माशावरची टिकली

जपानला जायचं पक्कं झालं तेव्हा मंडळात पेढे वाटले गेले, आणि मी माझा पेढा न खाता खिशात टाकला. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, शनिवार-रविवार मासे बघायचे, सोमवारी परतीचं विमान. दोन दिवसांच्या माशांसाठी दोन दिवस विमानात बसायचं, हा शहाण्या माणसांचा उद्योग नव्हे. पण मी अस्वस्थ होतो त्याचं कारण प्रवास नव्हता. कारण एकट्या मायाला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक होतं. बॅग भरून देताना ती एवढंच म्हणाली, "तिथं तरी सांगून टाका त्यायले." मी तिच्यावर खेकसलो. खरं बोलणाऱ्या माणसावर खेकसायची मला जुनी सवय आहे.

आमचं मंडळ कोई पाळणाऱ्यांचं. कोई म्हणजे जपानी रंगीत मासे. हातभर लांब होतात, तिकडे पन्नास पन्नास वर्षं जगतात म्हणे. नागपूरच्या उन्हात पाच वर्षं काढली तरी आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो. मंडळात अकरा जण, त्यांतले चौघे निघालो. दातांच्या डॉक्टर अरुंधती देव, या केवळ माशांपायी जपानी शिकल्या. उन्मेष, वय चौतीस, धंदा इमारती बांधण्याचा, पण हातातला मोबाइल खाली ठेवता येत नाही. इतवारीतले भांड्यांचे व्यापारी गोपाळराव. आणि मी, केशव, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला रसायनतज्ज्ञ. एकतीस वर्षं तिथल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे मंडळात कोणाच्याही हौदाला काही झालं की मला बोलावतात. पाण्यातलं केशवला कळतं, असं सगळे समजतात.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही असेच गेलो होतो. तेव्हा गोपाळरावांबरोबर पुष्पलतावहिनी होत्या. त्यांना माशांत काडीचा रस नव्हता. नवरा जातो म्हणून आल्या. ओकुमुरा नावाच्या म्हाताऱ्या पैदासकाराच्या शेडमध्ये निळ्या टबात सात मासे पोहत होते. गोपाळराव तासभर टबाभोवती फिरले, काही ठरेना. शेवटी वहिनींनी पाण्यात बोट बुडवलं आणि जो मासा बोटाशी आला तो घ्या म्हणाल्या. अंग पांढरंशुभ्र, पाठीवर लाल रंगाचे तीन ठसे. तो मासा नागपूरला आला, आणि पुढल्या फेब्रुवारीत वहिनी गेल्या. पोटाचा आजार होता. कळला तेव्हा उशीर झाला होता.

मार्चमध्ये गोपाळरावांची मुलगी वेदिका त्यांना पुण्याला घेऊन गेली. घरच्या हौदावर दिवसभर ऊन, बघायला कोणी नाही, म्हणून वहिनींनी निवडलेला तो मासा त्यांनी माझ्याकडे ठेवला. माझा हौद सावलीत आहे, वर जाळी आहे. मेमध्ये त्या माशाच्या बरगडीवर जखम दिसली. मी काळजी म्हणून त्याला वेगळ्या टाकीत काढलं. नव्या टाकीत माशाचीच घाण साचून विष होतं, ते शोषून घ्यायला पांढऱ्या दगडाची पिशवी सोडली. झिओलाइट म्हणतात त्या दगडाला. मग जखमेसाठी मीठ घातलं. मीठ हे माशांचं घरगुती औषध आहे, आम्ही सगळेच घालतो.

पण त्या दगडावर मीठ पडलं की तो शोषलेलं सगळं विष पुन्हा पाण्यात ओकतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोराडीत पाणी मऊ करायच्या टाकीला मिठाचं पाणी सोडून तिच्याकडून असंच सगळं ओकवून घ्यायचं काम मी शेकडो वेळा केलं आहे. नोकरीत लागलेल्या पोराला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ते माझ्या हाताने, माझ्या अंगणात, मित्राच्या माशावर विसरलो. सकाळी तो टाकीत आडवा पडला होता. बाकीचे सगळे मासे मोठ्या हौदात ठणठणीत होते.

तेव्हाच फोन करायला हवा होता. मी पाच वेळा नंबर काढला. मग त्यांचाच फोन आला, आणि नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी विचारलं, पुष्पाचा मासा कसा आहे. मी म्हटलं, मजेत.

पुढचे तीन आठवडे मी देशभरातल्या विक्रेत्यांकडून फोटो मागवत बसलो. कोलकात्याच्या एकाकडे हुबेहूब जुळणारा सापडला. तीन ठसे, तोच आकार, तीच लांबी. फरक एकच. शेपटीजवळ डाव्या अंगाला कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका होता. एवढंसं कोणाच्या लक्षात येतंय, असं मी स्वतःला समजावलं. पितळी हंड्याचा सुईएवढा पाझर उजेडात न धरता ओळखणाऱ्या माणसाबद्दल मी हे म्हणत होतो.

जूनअखेरीस गोपाळराव परतले आणि स्टेशनवरून थेट माझ्याकडे आले. हौदाच्या काठावर बसले. दोन मिनिटं झाली नसतील, त्यांनी तो ठिपका पाहिला.

"ही नव्हती गा. ही टिकली कवा आली?"

"येते कधी कधी," मी म्हणालो.

ते रडू लागले. गोपाळरावांना मी वहिनींच्या तेराव्यालाही रडताना पाहिलं नव्हतं. बराच वेळ रडले, मग पाण्यात हात घालून त्या माशाशी काहीतरी पुटपुटत राहिले. मी चहाचा कप धरून बाजूला उभा. मासा ते घरी घेऊन गेले, आणि त्या दिवसापासून इतवारीतल्या त्यांच्या घरामागच्या हौदाशी रोज संध्याकाळी त्यांची बैठक. दुकान सातला बंद करायचं, खुर्ची टाकायची, माशाशी बोलायचं. शेजारचे हसत. पण माणूस पुन्हा जेवायला लागला, हिशेबाला बसायला लागला, हे सगळ्यांनी पाहिलं. मी मायाला म्हटलं, बघ, भलंच झालं. ती उठून आत गेली.

आणि आता गोपाळराव जपानला निघाले होते ते ओकुमुरांना एकच गोष्ट विचारायला. टिकली आली कशी. त्यासाठी त्यांनी माशाचे मोठे फोटो छापून घेतले होते. पाकीट सगळ्या प्रवासात छातीशी. उन्मेषने विमानात मागितले तर हात पुसून घे म्हणाले.

ओकुमुरांकडे जायचा दिवस रविवार. शनिवार माझ्या हातात होता आणि मी तो नासवायचा होता तेवढा नासवला. पहाटे उठून अरुंधतीबाईंना सुचवलं की ओकुमुरांचं वय झालं आहे, त्यांना त्रास नको, दुसऱ्या एका पैदासकाराची फार कीर्ती आहे, रविवारी तिकडे जाऊ. त्या म्हणाल्या, तिकडे आपण आत्ताच चाललो आहोत. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर व्हॅन चढत होती, दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची मातीची तळी, झाडं पिवळीलाल झालेली. उन्मेष खिडकीबाहेर मोबाइल काढून ओरडत होता. मला त्यातलं काही दिसलं असेल तर शपथ. माझा पाय एकसारखा हलत होता, शेवटी गोपाळरावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, शुगर वाढली का.

दुपारी एका शेडमध्ये सगळे टबांवर वाकलेले असताना मी आणखी एक डाव टाकून पाहिला. गोपाळरावांना बाजूला घेऊन म्हटलं की अशा गोष्टी विचारू नयेत. टिकली आली, तुम्हाला बरं वाटलं, विषय संपला. शास्त्र विचारायला गेलं की मजा जाते. हे मी सांगतोय, ज्याने जन्मभर पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

ते हसले. म्हणाले, मला शास्त्र नको आहे. आजवर असं किती माशांना झालं एवढंच विचारायचं आहे. कोणालाच झालं नसेल, तर मला जे वाटतं ते खरं. काय वाटतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की उत्तर काहीही आलं तरी माझी सुटका नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी कढत पाण्याचा सामाईक हौद होता. गोपाळराव गळ्यापर्यंत बुडून बसले आणि म्हणाले, आता आपण मासे. उन्मेष, ते, मी, तिघेच. सांगायला यापेक्षा बरी वेळ मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं. मग उन्मेष म्हणाला काका, तुमचा चेहरा लाल झालाय, बाहेर या. मी आलो. आज्ञाधारकपणा मला नेमका तिथे सुचला.

रविवारी सकाळी ओकुमुरांच्या तळ्याचं पाणी सोडलं होतं. वर्षातून एकदा, थंडी पडायच्या आधी, तळं रिकामं करून मासे वर काढतात. छातीपर्यंत रबरी कपडे घातलेली माणसं चिखलात जाळं ओढत होती. काठावर सत्तरी ओलांडलेले ओकुमुरा टोपी घालून उभे, तोंडातून शब्द नाही, नुसतं बोट दाखवत. जाळं आवळत आलं तशी पाण्याला उकळी फुटली आणि चिखलातून पांढरे-लाल मासे वर आले. आमच्या मंडळातला कोणीही माणूस हे एकदा बघायला मिळावं म्हणून आयुष्यभर झुरतो. मी घड्याळ बघत होतो. दहाला चहा होता.

चहा शेडमध्येच, लाकडी टेबलाभोवती. गोपाळरावांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं छोटं पितळी घंगाळ काढून ओकुमुरांपुढे ठेवलं. स्वतःच्या दुकानातलं, नागपूरहून हातात धरून आणलेलं. म्हाताऱ्याने बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला आणि खूश झाला. मग गोपाळरावांनी पाकीट उघडलं. पुष्पलतावहिनी गेल्या हे अरुंधतीबाईंनी जपानीत सांगितलं. ओकुमुरांनी मान खाली घातली. त्यांना बोट बुडवणारी बाई आठवत होती.

त्यांच्या मुलाने आतून फाइल आणली. विकलेल्या प्रत्येक माशाचा फोटो, नंबर, तारीख. ही त्यांची पद्धत मला माहीत होती. तरीही मी दोन दिवस देवाला विनवत होतो की ते पान हरवलेलं असो. पान निघालं. ओकुमुरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बघत राहिले. मुलाला जवळ बोलावलं. दोघे हळू बोलले. अरुंधतीबाईंचा चेहरा ऐकता ऐकता बदलला.

"ते म्हणतात, लाल रंग जातो," त्या म्हणाल्या. "विटतो, तुटतो, कधी पार नाहीसा होतो. पण एवढ्या वयाच्या माशाला नसलेल्या जागी लाल येत नाही. गोपाळराव, ते म्हणतात, हा त्यांचा मासा नाही."

मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. कोणी बघितलं नाही. त्याऐवजी ओकुमुरा उठले. टोपी काढली, टेबलाच्या बाजूने पुढे आले आणि गोपाळरावांसमोर कंबरेत वाकले. वाकलेलेच राहिले. मुलगाही वाकला. आत चहा करणारी त्यांची बायको बाहेर आली, तिला काय झालं ते एका वाक्यात सांगितलं, आणि तीही पदराला हात पुसावे तसे एप्रनला हात पुसून वाकली.

अरुंधतीबाई अडखळत सांगत होत्या. दोन वर्षांपूर्वी मासे पिशव्यांत भरायचं काम या घरातच झालं होतं. तेव्हाच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मासा गोपाळरावांच्या पिशवीत गेला असणार. बायकोने निवडलेला मासा त्यांना मिळालाच नाही, आणि ती आता नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. याची भरपाई होत नाही हे त्यांना कळतं, तरी आज तळ्यातून निघालेला कोणताही मासा गोपाळरावांनी न्यावा.

गोपाळराव गोंधळून उभे राहिले. त्यांनी म्हाताऱ्याचे दंड धरून त्याला सरळ करायचा प्रयत्न केला. तो होईना. मग ते माझ्याकडे वळले, अगदी विश्वासाने.

"केशव, तू सांग गा यायले. तुले पाण्यातलं समजते. मासा तोच हाये, यायची काही चूक नाही, सांग."

मला अजून एक वाट होती. तोच आहे म्हणायचं. गोपाळरावांनी माझ्यावरच विश्वास ठेवला असता. पण तो म्हातारा समोर वाकलेला, टक्कल पडलेलं डोकं, मानेवर चिखलाचा शिंतोडा; आणि त्याची बायको. मी केलेल्या गोष्टीची माफी ती तिघं मागत होती. ते बघून मला जी लाज वाटली ती सोळा महिन्यांत वाटली नव्हती.

"यायची चूक नाही," मी म्हणालो. "तुमचा मासा यायनं बरोबर पाठवला होता. तो माझ्याकडं मेला. माझ्याच हातानं मेला. हा मी कोलकात्याहून आणला."

अरुंधतीबाई भाषांतर करायच्या थांबल्या. उन्मेषने, मी त्याला हे श्रेय देतो, मोबाइल खिशात ठेवला. मग बाईंनी खालच्या आवाजात जपानीत दोनचार वाक्यं सांगितली. ओकुमुरा सरळ झाले, टोपी घातली. माझ्याकडे पाहिलंच नाही. टेबलावरचा मोठा फोटो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि गोपाळरावांना परत दिला.

गोपाळरावांनी तो पाकिटात घातला. पाकीट पिशवीत घातलं. मग संडास कुठे आहे ते विचारलं.

त्यांना यायला वेळ लागला. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ओकुमुरांना त्यांनी हात जोडले, घंगाळ ठेवून घ्या म्हणाले, मासा घेतला नाही. व्हॅनमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागे बसून मनात भाषणं तयार करत होतो: जखम, मीठ, दगड, फोन कसा करणार होतो. प्रत्येक भाषणात मी थोडा बरा माणूस निघत होतो, म्हणून प्रत्येक सोडून दिलं.

टोकियोच्या गाडीची तिकिटं उन्मेषने आधीच काढलेली होती आणि माझी जागा त्यांच्या शेजारी होती. जागा बदलतोस का, असं मी उन्मेषला खुणेने विचारलं. त्याने नाही म्हटलं. गाडी सुटली आणि बोगदे सुरू झाले. उजेड, अंधार, पुन्हा उजेड. मी दोनदा पाणी आणायला उठलो, एकदा उगाचच दारापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा गोपाळरावांनी माझी बाही धरली.

"बस. कोन्त्या दिवशी मेला?"

"बावीस मे."

"म्हणजे मी आलो तवा महिना होऊन गेला होता."

मी हो म्हणालो.

"मी रडून राहिलो होतो अन् तू चहा घेऊन उभा होता."

मी पुन्हा हो म्हणालो. माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून थांबवलं. मी मीठ कसं घातलं, मासा कसा मेला, यातलं त्यांना काही नको होतं. त्यांना दुसरंच बोलायचं होतं, आणि ते खिडकीकडे बघत बोलले.

फेब्रुवारीत, वहिनींच्या शेवटच्या आठवड्यात, हैदराबादला माशांचं प्रदर्शन होतं. आम्ही सगळे गाडीने गेलो होतो. शनिवारी पहाटे पाचला मी त्यांच्या गल्लीत गाडी उभी करून हॉर्न वाजवला होता, तीन वेळा, आणि ते खाली यायला उशीर झाला म्हणून चिडलोही होतो. रविवारी दुपारी वहिनी गेल्या. आम्ही रात्री पोचलो. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या पहाटे वहिनींनी त्यांचा हात धरून ठेवला होता.

"पुष्पा म्हणे, ह्या शनिवारी नका जाऊ," गोपाळराव म्हणाले. "मी म्हटलं, दोनच दिवस. खाली तुहा हॉर्न वाजून राहिला होता. मी तिची बोटं सोडवली अन् आलो. हे कोणाले नाही सांगितलं मी. वेदिकालेही नाही. त्या माशाले सांगितलं, तुह्या घरी, पहिल्याच दिवशी. टिकली पाहिली अन् मले वाटलं, तिनं पाठवली. माफ केलं म्हणून पाठवली."

बोगदा आला, खिडकीच्या काचेत आम्हा दोघांचे चेहरे दिसले, मग गेला.

"हॉर्न मी वाजवला होता," मी म्हणालो.

"तुहा हॉर्न होता. पाय माहे होते." ते माझ्याकडे वळले. "तुह्यावर राग येऊन राहिला मले, पण त्याचं काय करू. त्या माशाचाही काही दोष नाही, त्याले खायला तर द्या लागनच."

मग त्यांनी पाकीट मांडीवर घेतलं, उघडलं नाही, नुसता त्यावर तळवा ठेवला.

"सोळा महिने झोप लागत होती गा मले," ते म्हणाले.

टोकियो यायला अजून तासभर होता. मी उठलो नाही.